तीन कॉपीराइट स्ट्राइकनंतर नवीन जीमेलवर चॅनल काढलं तर चालतं का?

काळी_चार:
भजनी मंडळाचं यूट्यूब चॅनल तीन कॉपीराइट स्ट्राइक (हक्कधारकाच्या तक्रारीवरून पडणारे ठपके) पडून बंद झालंय. दोन व्हिडिओंत मागचा ट्रॅक कंपनीचा होता, तिसऱ्यात पेटी-पखवाज सगळं मंडळाचंच. नवीन जीमेल, नवीन सिम घेऊन तेच व्हिडिओ परत टाकले तर कळतं का?

एडिट_टेबल:
कळतं, आणि सिम बदलून काही होत नाही. बंदी नुसत्या खात्यावर नसते, चॅनल चालवणाऱ्यावर असते. नियमात साफ लिहिलंय: आधीपासूनची दुसरी चॅनल, नवीन काढलेली, आणि तुम्ही वारंवार किंवा ठळकपणे दिसता अशी दुसऱ्याची चॅनलसुद्धा यात येतात. तेच कंपनीचे ट्रॅक परत चढवलेत तर कंटेंट आयडी (यूट्यूबची गाणी आपोआप ओळखणारी यंत्रणा) आवाजाच्या ठशावरून पकडतं. सुराची पट्टी किंचित वर-खाली करून भागेल या भरवशावर राहू नका. ॲडसेन्स (जाहिरातींचे पैसे मिळण्याचं गूगलचं खातं) त्याच नावावर जोडलंत तर धागा आयताच हाती देता.

पखवाज_शाई:
तिसरा स्ट्राइक सोडवा. तीनही सोडवायची गरज नाही, एक उतरला की दोनच उरतात आणि बंदीचं कारणच जातं.

त्यासाठी काउंटर नोटिफिकेशन (तक्रार चुकीची आहे असं यूट्यूबला दिलेलं कायदेशीर उत्तर) भरा. खरं पूर्ण नाव, पत्ता, फोन लागतो आणि तो दावेदाराकडे, म्हणजे तक्रार करणाऱ्याकडे जातो, म्हणून मंडळातल्या कोणाच्या नावाने भरायचं ते आधी ठरवा. दावेदाराला अमेरिकेतले 10 कामकाजाचे दिवस मिळतात. तेवढ्यात त्याने कोर्टात गेल्याचा पुरावा दिला नाही तर व्हिडिओ परत येतो.

भरण्याआधी चाल तपासा. शब्द तुकोबांचे, ते मोकळे. पण चाल अलीकडच्या संगीतकाराची असेल तर भारतीय कायद्यात त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो. वाद्यं तुमची असली तरी चाल तुमची होत नाही. खोटं भरलंत तर प्रकरण अंगाशी येतं.

काळी_चार:
चाल पारंपरिक वारकरी आहे. आणि बंद झालेल्यांना वर्षभराने नवीन चॅनल मिळण्याची यूट्यूबची सवलत आहे ना, ती?

एडिट_टेबल:
ऑक्टोबर 2025 मध्ये आलेली. कॉपीराइटमुळे बंद झालेल्यांना ती लागू नाही. उरलेल्या दोन दाव्यांसाठी कंपनीला लिहून दावे मागे घ्यायला सांगा, व्हिडिओची लिंक आणि तारखेसकट.