मदत हवी आहे: वजन तेवढंच, मग चौरस पाकिटाला जास्त टपालखर्च का?

मी हाताने शुभेच्छापत्रं बनवते. यंदा १५ × १५ सेंमीची चौरस पाकिटं केलीत, आतल्या कार्डावर लाकडी बटण शिवलंय. वजन ४० ग्रॅम. एवढ्याच वजनाचं साधं लांबट पत्र आधी पाठवलं होतं, म्हणून तेवढीच तिकिटं लावली. खिडकीवरच्या बाईंनी पाकीट एका फटीतून सरकवून पाहिलं. ते बटणापाशी अडकलं आणि दर वरच्या गटातला लागला! वीसच्या वीस पाकिटं परत घेऊन आले. दोष चौरसाचा की बटणाचा?

शिवाय परदेशातल्या मैत्रिणीला नळीत घालून चित्र पाठवायचंय. नळी ६० सेंमी लांब, व्यास १० सेंमी, वजन ४०० ग्रॅम. कुरियरवाला १.२ किलोचे पैसे मागतोय. हा कुठला काटा? जाणकारांनी सांगावं.

कात्रणवेडा: आधी बटण. जागतिक टपाल संघाच्या हिशेबात छोटं पत्र म्हणजे २४५ × १६५ मिमी, जाडी ५ मिमी, वजन १०० ग्रॅमपर्यंत. यातली एक मर्यादा ओलांडली तरी पत्र वरच्या गटात जातं, तिथे जाडी २० मिमीपर्यंत चालते. पत्रांची वर्गवारी करणाऱ्या यंत्रात बटणाचा उंचवटा अडकतो, पाकीट फाटतं, मागची पत्रंही खोळंबतात. मग ते हाताने वेगळं काढावं लागतं.

चौरसही निर्दोष नाही हं. यंत्र लांब बाजूवरून पत्र सरळ करतं, चौरसाला लांब बाजूच नसते. अमेरिकेत लांबी भागिले उंची १.३ ते २.५ मध्ये बसली नाही तर जादा पैसे पडतात. तुमचं उत्तर येतं १.

नळीबाई: कुरियरवाला फसवत नाहीये, जागेचे पैसे घेतोय. गोल नळीसुद्धा खोक्यासारखीच मोजतात: ६० × १० × १० = ६००० घन सेंमी, भागिले कुरियरवाल्यांचा ठरलेला आकडा ५०००, म्हणजे १.२ किलो. खरं वजन आणि हे, यातलं जे जास्त ते लावतात. व्यास ६ सेंमी केलात तर ०.४३ किलोच होईल. मात्र अ‍ॅक्रिलिक किंवा तैलरंग असेल तर घट्ट गुंडाळू नका, चिरा पडतील. मी एक चित्र असंच घालवलंय.

टपालाचाही दर विचारा. आंतरराष्ट्रीय पत्रटपालात नळीची लांबी ९० सेंमीपर्यंत आणि लांबी अधिक दुप्पट व्यास १०४ सेंमीपर्यंत चालतो. तुमचे ८० होतात, आणि तिथे २ किलोपर्यंत खरं वजन धरतात.

धागाकर्ती: दोघांचे आभार! पट्टी लावली, बटणापाशी ७ मिमी भरतंय. बटणं उसवून दोऱ्याची फुलं भरते आणि लांबट पाकिटं करते. चित्र जलरंगातलं आहे, तेव्हा ६ सेंमीची नळी शोधते. एकच शंका: जाडी मोजताना पाकीट दाबलेलं चालतं का?

कात्रणवेडा: फटीतून आपसूक सरकायला हवं. ढकलावं लागलं तर गेलंच वरच्या गटात.