लाल समुद्रामुळे द्राक्षं आठ दिवस आधी तोडायची का?

बागवाली_दिंडोरी | 3 फेब्रुवारी 2024

नमस्कार. दिंडोरी तालुक्यात आमची तीन एकर थॉमसन जातीच्या द्राक्षाची बाग आहे. नोव्हेंबरातल्या अवकाळीतून जिवापाड जपून वाचवलेली. छाटणी 12 ऑक्टोबरची. परवा मीटरवर गोडी 15 ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) भरली. माल नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला जायचा आहे. काल निर्यातदाराचा माणूस बागेत येऊन म्हणाला, "ताई, आत्ताच तोडा. बोटी आफ्रिकेला वळसा घालून चालल्यात, दहा-पंधरा दिवस जास्त लागतात. कडक माल टिकेल."

19 नोव्हेंबरला येमेनच्या हुथी बंडखोरांनी लाल समुद्रात 'गॅलेक्सी लीडर' जहाज पकडलं, त्याची बातमी मी डिपिंगच्या (घड औषधात बुडवायच्या) गडबडीत ऐकली आणि सोडून दिली. पण तिथे जहाजांवर हल्ले होत राहिले, आणि आता आमच्याकडे रोज संध्याकाळी सासूबाई आधी विचारतात, "समुद्राचं काय झालं?" मुलाच्या नकाशाच्या पुस्तकात त्यांनी लाल समुद्राच्या तोंडाशी असलेली बाब अल मांडेबची चिंचोळी जागा बोटाने दाबून पाहिली. म्हणाल्या, एवढ्याशा फटीतून आपली द्राक्षं जातात होय!

मी एक घड कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवलाय. चहा ठेवताना रोज काढून बघते. आज नववा दिवस. मणी टणक आहेत, पण देठ तपकिरी पडायला लागलाय. रॉटरडॅमला पेटी उघडणारा माणूस आधी देठच बघणार ना? मग लवकर तोडू की थांबू?

माती_निफाड

ताई, 15 वर तोडू नका. द्राक्ष म्हणजे आंबा किंवा केळं नव्हे, वेलीवरून उतरवलं की त्याची गोडी वाढत नाही. आंबट निघाला तर चाळीस दिवसांनीही तो आंबटच राहणार. 17 च्या पुढे जाऊ द्या.

देठ वाळतो तो उष्णतेने. पहाटे तोडणी सुरू करा, ऊन चढायच्या आत थांबा. क्रेट सावलीत, आणि तोडल्यापासून चार-सहा तासांत माल प्रीकूलिंगला (झटपट गार करायला) गेलाच पाहिजे. कंटेनर शून्य अंशाच्या आसपास राहतो, पण तो थंड माल थंड ठेवतो. गरम माल गार करणं त्याच्याने होत नाही. तुमच्या घडाला फ्रीजमध्ये ना बुरशी रोखणारा सल्फरचा पॅड, ना पुरेसा ओलावा. त्यावरून धीर सोडू नका.

खाडीकाठ_रत्नागिरी

द्राक्षातलं मला काही कळत नाही. माझे यजमान तेलाच्या टँकरवर आहेत. 26 जानेवारीला एडनच्या आखातात 'मार्लिन लुआंडा' या टँकरला क्षेपणास्त्र लागून आग लागली. त्यावर 22 भारतीय होते. यजमानांचं जहाज दुसरं, तरी त्यांचा मेसेज येईपर्यंत माझ्या घशाखाली पाणी उतरलं नाही. आपल्या नौदलाच्या आयएनएस विशाखापट्टणमवरची माणसं मदतीला गेली, हे ऐकून देवापुढे दिवा लावला. ताई, बोटी वळसा घालून जातात तेव्हा इकडे आम्हाला झोप लागते, एवढंच सांगायचं होतं.

बागवाली_दिंडोरी | 9 फेब्रुवारी

रत्नागिरीच्या ताई, तुमचं लिहिलेलं सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, जाऊ दे बोटीला लांबून. आता संध्याकाळी त्या तुमच्या यजमानांचं विचारतात. कुठवर आलेत ते जमलं तर कळवा.

निफाडचे दादा, निर्यातदाराला सांगितलं, 17 शिवाय कात्री लावणार नाही. तो फार चिडला, दोन दिवस फोन घेतला नाही. काल स्वतः मीटर घेऊन आला. साडेसोळा. भाव मात्र पेटीमागे कमी केला, भाडं वाढलंय म्हणून. ते मला पटलेलं नाही आणि त्यावर भांडण अजून चालू आहे. पण तोडणी मंगळवारी, पहाटे साडेपाचला. कोल्ड स्टोरेजची गाडी बांधावरच उभी राहणार.

माती_निफाड

सोमवारी पाणी देऊ नका. आणि भाव कागदावर लिहून घ्या.