जाळी नापास की डास मुरलेला? (आरोग्य कर्मचारी सोसायटी, गडचिरोली : ग्रुपवरची चर्चा)

बी-२०३, रात्री ९.४०
सचिवसाहेब, सोसायटीने एकत्र घेतलेल्या औषधी मच्छरदाण्यांचं काय? डास जाळीवर आरामात बसून राहिले. पाच मिनिटं पाहिलं, एकही पडला नाही. पैसे सगळ्यांचे गेले म्हणून विचारते.

सचिव
वहिनी, खरेदी सर्वानुमते झाली आहे. इतिवृत्तात नोंद आहे.

बी-२०३
इतिवृत्त वाचून डास मरत नाही, भाऊ.

सी-३०२
बसलेला डास कोणता होता? शेपूट वर करून तिरपा बसला तर अ‍ॅनॉफेलिस, समांतर बसला तर क्युलेक्स. नालीतला क्युलेक्स या औषधाला फारशी दाद देतच नाही. त्याच्यावरून मलेरियाच्या डासाबद्दल काही ठरवू नका.

ए-१०४
ताईंचं बरोबर. आणि पाच मिनिटांत पडला नाही याला काही अर्थ नाही. पडलेले मोजायचे ६० मिनिटांनी, मेलेले २४ तासांनी. सरळ कोन टेस्ट करू, म्हणजे जाळीच्या तुकड्यावर शंकूसारखे कप (कोन) लावून त्यात डास सोडायचे. एक सीलबंद जाळी आणि एक वहिनींची वापरातली. दोन्हींचे चारही बाजूंचे नि छताचे असे पाच-पाच तुकडे, २५ सेंमी चौकोनी. तुकड्यावर दोन कोन, कोनात पाच माद्या, तीन मिनिटं. म्हणजे जाळीमागे ५० डास. मग कागदी कपात काढून १० टक्के साखरपाण्याचा बोळा द्यायचा.

ए-२०१
आधी कंट्रोल. बिनऔषधाची जाळी लावल्याशिवाय कोणी टक्केवारी टाकू नये.

बी-२०३
माझी जाळी कापणार? मग नवीन कोण देणार?

सचिव
शिल्लक साठ्यातून देऊ. तशी नोंद करतो.

बी-१०१
डास मी देतो, गोठ्यात ढिगाने आहेत. सकाळी टॉर्च आणि सक्शन ट्यूब घेऊन जातो.

सी-३०२
गोठ्यातले थेट नको रे. त्यात रक्त प्यालेल्या, अंडी धरलेल्या, म्हाताऱ्या सगळ्या माद्या मिसळलेल्या असतात. पोट भरलेली मादी औषध जास्त सोसते, म्हातारी कमी सोसते. आकडा दोन्हीकडे सरकतो. नाल्यातून अळ्या आणून वाढव, क्युलिसिफेसिस (मलेरिया पसरवणारी अ‍ॅनॉफेलिसची जात) वेगळ्या कर. २ ते ५ दिवसांच्या, रक्त न प्यालेल्या माद्या हव्यात.

ए-२०१
परत सांगतो. आधी कंट्रोल.

ए-१०४
हो काका, कंट्रोल आहेच, आणि तोच पहिला, स्वच्छ सक्शन ट्यूबने. औषधाच्या जाळीला लागलेली ट्यूब कंट्रोलला लावली की तिथलेही डास मरतात. त्या खोलीत अगरबत्ती, डासांची लिक्विड मशीन, अत्तर काही नको. तापमान २७ च्या आसपास, दमटपणा ७५ टक्के. उन्हाळ्यात कपांवर ओला टॉवेल टाकला नाही तर कंट्रोलच मरून पडतो. कपांच्या टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, नाहीतर पडलेले डास रात्रीतून मुंग्या नेतात आणि सकाळी हिशेब लागत नाही.

बी-२०३
ठीक. आणि ८० टक्के मेले नाहीत तर जाळी बोगस, असंच ना?

सी-३०२
नाही वहिनी, इथेच लोक चुकतात. ८० टक्के मृत्यू किंवा ९५ टक्के पाडाव (तासाभराने खाली पडलेले) हा निकष औषधाला बळी पडणाऱ्या डासावरचा आहे. गावातला डास मुरलेला, म्हणजे औषधाला न जुमानणारा, असू शकतो. छत्तीसगडातल्या क्युलिसिफेसिसमध्ये डेल्टामेथ्रिन या जाळीच्या औषधाला प्रतिकार नोंदलेला आहे, आणि राज्याची हद्द ओलांडायला डासाला पास लागत नाही. म्हणून दोन प्रकारचे डास शेजारी शेजारी लावायचे : प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या पाळलेली, औषध न पाहिलेली वसाहत आणि आपला डास. पाळीव मेला नि आपला जगला, तर जाळी ठीक, डास मुरलेला. पाळीवही जगला, तर जाळीत औषध कमी.

सचिव
म्हणजे खरेदीत दोष नाही, असं लिहू का?

बी-२०३
अजून एक डास मेला नाही आणि तुमचं सर्टिफिकेट तयार!

ए-२०१
कंट्रोलमध्ये २० टक्क्यांवर मेले तर सगळं रद्द. त्याखाली असेल तर दुरुस्ती करा. जाळीत ६० मेले, कंट्रोलमध्ये १०, तर ६० मधून १० वजा, भागिले ९०. ५५.६ टक्के. ६० नाही. म्हणून म्हणतो, आधी कंट्रोल.

ए-१०४
डास मुरलेला निघाला तर कारणही पाहू. ०.०५ टक्के डेल्टामेथ्रिनच्या कागदावर एक तास. २४ तासांनी ९० टक्क्यांखाली मेले तर प्रतिकार पक्का. दुसऱ्या गटाला त्याआधी पीबीओ या साहाय्यक रसायनाच्या ४ टक्के कागदावर एक तास ठेवायचं. त्यात मृत्यू वाढला तर डासाची विकरं औषध तोडत आहेत, पीबीओ त्यांना अडवतं, म्हणजे पीबीओची जाळी उपयोगी पडेल. वाढला नाही तर औषध जिथे लागतं ती मज्जातंतूवरची जागाच बदललेली असण्याची शक्यता. तिथे पीबीओ कामाचं नाही.

बी-१०१
मग सरळ क्लोरफेनापिर या वेगळ्या औषधाची जाळी आणून हीच टेस्ट करू ना.

सी-३०२
हीच टेस्ट नाही! क्लोरफेनापिर डासाच्या शरीरात गेल्यावर त्याच्याच विकरांनी जहाल होतं. तीन मिनिटं दिवसाउजेडी कोनात बसवलेल्या डासावर ते फिकं पडतं आणि चांगली जाळी नापास ठरते. त्याला रात्रीची बोगद्याची चाचणी : ६० सेंमी लांब, २५ सेंमी चौकोनी काचेचा बोगदा, एकतृतीयांशावर जाळी, तिला १ सेंमीची नऊ भोकं. लांब भागात १०० माद्या सायंकाळी ६ ला सोडायच्या, सकाळी ९ ला गोळा करायच्या. मृत्यू ७२ तासांपर्यंत मोजायचा. टांझानियातल्या मिसुंग्वीत दोन वर्षं मुलांवर लक्ष ठेवलं, तेव्हा नेहमीच्या एकाच औषधाच्या जाळीपेक्षा या जाळीने मलेरियाचे रुग्ण ४४ टक्क्यांनी घटले, पीबीओने त्याहून कमी. मार्च २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिकार असलेल्या भागांसाठी तिची ठाम शिफारस केली. कोनावर विसंबून नाकारली असती तर?

बी-१०१
बोगद्याच्या पलीकडे काय ठेवतात?

सी-३०२
ससा किंवा गिनीपिग. प्राणी-समितीची परवानगी लागते, म्हणून ते संस्थेतच. सोसायटीत नाही.

बी-१०१
मग सी विंगचा ससा वाचला.

सी-३०२
मुलं हा ग्रुप वाचतात, जरा जपून.

सचिव
विषयांतर नको. गच्चीवरच्या दोरीवर मच्छरदाण्या कोण टाकून ठेवतं? दोन दिवस झाले.

बी-२०३
माझीच आहे. सोडा टाकून धुतली, वाळत घातली.

ए-१०४
अहो वहिनी, सोडा आणि वर कडक ऊन! पायरेथ्रॉइड (डेल्टामेथ्रिनच्या गटाचं औषध) त्यानेच जातं. साधा साबण, गार पाणी, घासायचं नाही, सावलीत वाळवायचं. जाळी किती धुणी टिकते हे तपासताना २० वेळा धुतात, पण लिटरला २ ग्रॅम साबण, ३० अंशांचं पाणी, १० मिनिटं, मग दोनदा साधं पाणी. तुमची एक धुलाई त्यातल्या कितींच्या बरोबर, देव जाणे. आणि धुतल्या धुतल्या तपासायची नाही. धाग्याच्या आतलं औषध पृष्ठभागावर यायला काही जाळ्यांत दिवस लागतात.

बी-२०३
हे पाकिटावर मराठीत लिहिलं असतं तर? सगळं इंग्रजीत.

सचिव
मराठी सूचना उद्या लिफ्टजवळ लावतो. दोरी मात्र मोकळी करा, कृपया.

बी-२०३
करते. जाळी आता सावलीत, जिन्यात टांगते.

ए-२०१
जिन्यात नाही. येण्याजाण्याचा रस्ता आहे. आणि आधी कंट्रोल.

ए-१०४
काका, कंट्रोलची बिनऔषधाची जाळी तुमच्याकडेच आहे ना? तीच द्या, एकाच विणीची हवी. बी-१०१, तू उद्या सातला नाल्यावर. पसरट पांढरा डबा घे, अळ्या त्यात नीट दिसतात.

बी-१०१
हो भाऊ. सातला.