मदत हवी आहे : आईच्या चेहऱ्यासाठी आयपीएल (तीव्र प्रकाशाच्या झोतांची ट्रीटमेंट) करावं का?

नमस्कार मंडळी. आम्ही परभणीकडचे. आई पन्नाशी ओलांडलेली, निम्मं आयुष्य कापसाच्या रानात गेलं. पदर कितीही पुढं ओढला तरी गालाची हाडं उघडीच राहतात, वांगाचे डाग तिथंच सगळ्यात गडद. भावाचं लग्न ठरलंय, म्हणून तिलाच हौस आलीय (आम्हालाही बरं वाटलं).

इथल्या एका पार्लरमध्ये आयपीएल फोटोफेशियलचं पॅकेज सांगतायत. मी वाचलं की हा प्रकाश साधारण 500 ते 1200 नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो आणि त्वचेतलं मेलॅनिन (रंग देणारं द्रव्य) तो शोषून घेतं. म्हणून सावळ्या त्वचेला भाजण्याचा धोका जास्त, वांगाचे डाग उलट वाढूही शकतात. 1064 नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर खोलवर जातो, सावळ्या रंगाला तुलनेनं सुरक्षित म्हणतात. पार्लरवालीला विचारलं तर "काही होत नाही ताई" एवढंच.

लातूर, नांदेड किंवा संभाजीनगरला त्वचारोगतज्ज्ञाकडे कुणी हे करून घेतलंय का? आधी थोड्या जागेवर टेस्ट केली होती का? खर्च किती आला? आणि उन्हात जाणं किती दिवस बंद ठेवावं लागलं? वेचणी तोंडावर आलीय, आई काही घरात बसायची नाही.