हीटर ‘वीज वाचवणारा’ म्हणून घेतला, आणि ९२ युनिटांची ३१८ झाली

शिलाई_मशीन:

नमस्कार. पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही चौघं भाड्याच्या एका खोलीत राहतो. मी, हे, सहा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंना ७१ पूर्ण झाली. खिडकी एकच, पण चांगली ऐसपैस, दीड मीटर रुंद आणि मीटरभर उंच. उन्हाळ्यात ती वरदान वाटायची. आता रात्री तिच्याजवळून गेलं तरी पाठीवर कुणी ओला हात फिरवल्यासारखं होतं.

मी घरीच शिवणकाम करते, नगावर पैसे. थंडीत बोटं आखडतात, सुईत दोरा ओवताना तीनतीनदा चुकतो. जिथे दिवसाला सहा नग व्हायचे तिथे चार होतात. यांचं काम रोजावरचं, आणि या दिवसांत खाडे ठरलेले. म्हणजे हात आखडायच्या दिवसांतच खर्च वाढतो.

गेल्या महिन्यात हीटर घेतला. दुकानदार म्हणाला, हा वीज वाचवणारा आहे, कमी खातो आणि जास्त तापतो. खोक्यावर २००० वॅट लिहिलंय. संध्याकाळी तीन तास आणि सकाळी मुलीच्या अंघोळीच्या वेळी अर्धा तास, एवढाच लावला. आधीच्या महिन्यात ९२ युनिटं होती, आता ३१८. यांनी बिल दोनदा उलटंसुलटं करून पाहिलं, दुसऱ्या कुणाचं तर आलं नाही ना म्हणून.

अर्धं बिल भरलंय. चार दिवस झाले, हीटर माळ्यावर टाकलाय. सासूबाई म्हणतात, “मला नाही गं वाजत थंडी.” परवा रात्री पाणी प्यायला उठले तर त्या यांचं जाकीट घालून, डोक्यावरून शाल घेऊन भिंतीला टेकून बसलेल्या. मला बघितल्यावर म्हणाल्या, झोप येत नव्हती.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. खरंच कमी वीज खाणारा हीटर असतो का? आणि शेजारची बाई म्हणते, कोळशाची शेगडी ठेव रात्री, कोळसा मी देते. ठेवू का?

जुना_वायरमन:

ताई, मीटर बरोबर आहे. दुकानदार खोटं बोलला.

चौतीस वर्षं वायरिंग केलंय, म्हणून खात्रीने सांगतो. तारेतून वीज जाऊन तार तापते, अशा कुठल्याही हीटरमध्ये एका युनिटची उष्णता तेवढीच निघते. पंख्याचा घ्या, लाल कांड्यांचा घ्या, तेलाचा घ्या, दहापट महाग घ्या. तेलाचा बंद केल्यावरही थोडा वेळ ऊब धरतो आणि पंख्याचा लगेच वारा देतो, फरक तेवढाच. वीज वाचवणारा हीटर म्हणजे ओलं न करणारं पाणी. अपवाद एकच, गरम हवा देणारा एसी. तो बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणतो, म्हणून एका युनिटमागे साधारण तीन युनिटांची ऊब देऊ शकतो. पण तो विकत कोण घेणार? सोडून द्या.

आता हिशेब. २००० वॅट म्हणजे तासाला २ युनिटं. साडेतीन तासांची ७, महिन्याची २१०. तुमची ९२ त्यात मिळवा, ३०२ झाली. उरलेली १६ थंडीत जास्त तापवलेल्या पाण्याची. कुणी चोरली नाहीत.

आणि वर टप्प्याटप्प्याने दर चढत असेल तर ही जादा २२६ युनिटं बहुतेक वरच्या, महागाच्या टप्प्यांत बसली असणार. बिलाच्या मागे दराचा तक्ता असतो, बघा.

आता तुमच्या खिडकीकडे येऊ. दीड चौरस मीटर एकेरी काच. आत-बाहेर दहा अंशांचा फरक असला की तिच्यातून ऐंशी वॅटच्या आसपास उष्णता सतत बाहेर जाते. बारा तासांच्या रात्रीत एक युनिट. शिवाय फटी वेगळ्या. संध्याकाळी एक उदबत्ती पेटवून चौकटीच्या कडेकडेने फिरवा. जिथे धूर आडवा पळतो तिथे चिंधी कोंबा. तुमच्याकडे कातरणांना काय तोटा! काचेला फोडांचं प्लॅस्टिक चिकटवा, येतं ना नाजूक वस्तूंच्या पॅकिंगमध्ये, तेच. त्यातली कोंडलेली हवा काम करते, प्लॅस्टिक नव्हे. त्यावर जाड पडदा, दिवस मावळायच्या आत ओढायचा.

सगळ्यात महत्त्वाचं मात्र हे की खोली तापवायच्या फंदात पडू नका, माणूस तापवा. दोन लिटरची गरम पाण्याची पिशवी भरायला युनिटचा दहावा हिस्सा लागतो. तोच हीटर रात्रभर, आठ तास, चालवला तर सोळा युनिटं. रात्रभराच्या उबेचा हिशेब तुम्हीच मांडा.

रात्रपाळीची_सिस्टर:

काकांचं सगळं पटलं, पण मी आधी शेगडीवर बोलते. शिलाईताई, शेगडी नको. दार किलकिलं ठेवूनही नको, “फक्त झोप लागेपर्यंत” पण नको.

लोकांना वाटतं धूर थांबला, निखारे लालबुंद झाले, आता धोका नाही. उलट आहे. धूर नसतो तेव्हाही निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. जागा माणूस डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणून बाहेर तरी येईल. झोपलेला उठतच नाही. आमच्याकडे असं एक पूर्ण कुटुंब पहाटे आणलं होतं. त्याबद्दल यापेक्षा जास्त लिहीत नाही. स्वयंपाकाचा गॅस पेटता ठेवून खोली तापवणं हाही तोच प्रकार.

दुसरं, सासूबाईंचं “मला नाही वाजत” यावर विसंबू नका. वय झालं की थंडी कळतच उशिरा, हुडहुडीही नीट भरत नाही. त्यांच्या हातापायांना लावून उपयोग नाही, पोटाला किंवा पाठीला हात लावून बघा. तिथेही गार लागलं, बोलणं जड झालं, विसरल्यासारखं करू लागल्या, तर पांघरूण घालून सकाळची वाट बघत बसू नका, दवाखाना गाठा. शरीराचं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की ती तातडीची वेळ असते.

म्हणून काकांच्या “खोली तापवू नका” ला माझा थोडा विरोध. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये थंड हवेतल्या घरांसाठी आत किमान १८ अंश सुचवले आहेत, आणि म्हातारी माणसं नि लहान मुलं असतील तर याहून जास्त लागू शकतात असंही म्हटलंय. थंडीत रक्तवाहिन्या आक्रसतात, रक्तदाब वाढतो. माळ्यावरचा हीटर खाली काढा. साडेतीन तास नको, पण सासूबाई अंथरुणात शिरायच्या आधी थोडा वेळ लावा. त्या ज्या कोपऱ्यात झोपतात तिथेच.

पिशवीत उकळतं पाणी ओतायचं नाही, आणि ती फडक्यात गुंडाळूनच द्यायची. मधुमेह असेल तर पायाशी नकोच. पाय भाजला तरी त्यांना कळत नाही.

जुना_वायरमन:

सिस्टर, मान्य. म्हातारं माणूस घरात असताना मी नुसता वॅट मोजत बसलो.

दुसऱ्या_मजल्यावर:

माझा अनुभव थोडा उलटा आहे. मागच्या वर्षी खिडक्या, फटी, झरोका, सगळं बुजवलं आणि महिन्यात कपाटामागच्या भिंतीवर काळी बुरशी. मुलाचा खोकला हटेना. कारण मी कपडे आतच वाळत घालायचे. पिळलेल्या कपड्यांतही लिटर-दोन लिटर पाणी असतं. ते जातं कुठे? हवेत, आणि हवेतून गार भिंतीवर. वर एक लिटर पाणी उडून जायला खोलीतली जवळजवळ पाऊण युनिटभर उष्णता खर्ची पडते. म्हणजे ऊब गेली आणि ओल आली.

तेव्हा फटी बुजवा, पण झरोका बुजवू नका. भर दुपारी दहा मिनिटं खिडकी सताड उघडा. भिंती एवढ्या वेळात गार होत नाहीत, दमट हवा मात्र निघून जाते.

आणि राहिलेलं अर्धं बिल. वीज तोडायची नोटीस येण्याआधीच कार्यालयात जाऊन लेखी अर्ज द्या, हप्ते पाडून मागा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. तोंडी सांगितलेलं दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही.

शिलाई_मशीन:

बारा दिवसांनी येतेय. सगळ्यांचे आभार, आता काय काय केलं ते सांगते.

शेजारणीला शेगडीला नाही म्हटलं. तिला राग आला. मग सिस्टरांनी लिहिलेलं सगळं तिला वाचून दाखवलं. ऐकून घेतलं, बोलली काही नाही. पण तिची शेगडी आता जिन्याखाली दिसते.

उदबत्ती फिरवली. मला वाटलं होतं खिडकीचीच चौकट खराब असणार. निघालं भलतंच, दाराखाली बोटभर फट आहे आणि धूर तिथे सरळ झोपलाच. जुन्या पॅन्टचा एक पाय कापला, त्यात कातरणं ठासून भरली, दोन्ही तोंडं शिवून टाकली. मुलीने त्याला बटणांचे डोळे लावायला लावले. तो साप रोज रात्री दाराशी झोपतो.

पडद्यासाठी कापड विकत घ्यायचं नव्हतं. पाच वर्षांचे उरलेसुरले तुकडे गाठोड्यात होते. लोकरीचे, खाकी, अस्तराचे, एक तर कुणाच्या तरी लग्नातल्या कोटाचा. दोन रात्री बसून गोधडी जोडली आणि ती खिडकीवर टांगली. सासूबाईंनी हाताने धावदोरा घातला. त्यांचा टाका अजून माझ्याहून बारीक येतो. वर कांबीला टांगलीय आणि खालचा काठ जड केलाय, वाऱ्याने हलू नये म्हणून. दुपारी बाजूला सारते आणि खिडकी दहा मिनिटं उघडते. काचेचं प्लॅस्टिक मात्र दोनदा निखळलं, ओल्या काचेवर चिकटपट्टी धरत नाही. कोरडी पुसून तिसऱ्यांदा लावलं तेव्हा राहिलं.

झोपायच्या जागाही बदलल्या. सासूबाई बाहेरच्या भिंतीला लागून झोपायच्या, कारण तिथे त्यांचा देव्हारा, त्यांचा डबा, सगळं त्यांचं. आता त्या आतल्या भिंतीला. तिच्या पलीकडे शेजारणीचा ओटा आहे, भिंत रात्री दहापर्यंत कोमट असते. हे कुणी सांगितलं नव्हतं, मला हात टेकल्यावर कळलं. त्या दोन दिवस रुसल्या होत्या. मग डबाही स्वतःच तिकडे नेला.

मशीनवर बसताना पिशवी मांडीवर ठेवते. अर्ध्या तासाने बोटं त्यावर टेकवायची, पुन्हा दोरा ओवायचा. पाच नग होतायत. सहा नाही, पण पाच.

हीटर रात्री चाळीस मिनिटं. मीटर रोज लिहून ठेवते, मुलीच्या पाटीवर. बारा दिवसांत ५६ युनिटं. म्हणजे महिन्याची १४० होतील. भिंतीवरचा जुना तापमापक पहाटे १४ दाखवायचा, आता १६. निजायच्या वेळी १८ येतात. पहाटे १८ नाहीत, ते मला दिसतंय. सासूबाईंना त्या वेळी दुसरी पिशवी भरून देते.

हप्त्यांचा अर्ज दिला, शिक्काही घेतला. उत्तर अजून नाही. हीटर परत घ्यायला दुकानदार तयार नाही, खोकं फोडलंय म्हणतो.

काका, एक विचारायचं राहिलंच. हीटर बंद करून पिन काढली की पिनेला हात लावता येत नाही इतकी ती तापलेली असते. एक्स्टेंशन बोर्डही थोडा पिवळा पडलाय. हीटरच आहे म्हटल्यावर एवढं तापणारच ना?

जुना_वायरमन:

नाही ताई! हीटर आज लावू नका.

पिन तापते म्हणजे तिथला जोड सैल आहे किंवा बोर्डाला भार झेपत नाही. २००० वॅट म्हणजे जवळपास ९ अँपिअर. बारीक वायरच्या बोर्डाचं ते काम नाही. प्लॅस्टिक पिवळं पडलं, म्हणजे ते आधीच भाजलंय, पुढची पायरी आग. तो बोर्ड फेकून द्या, मुलीच्या खेळण्यालासुद्धा ठेवू नका. हीटर थेट भिंतीतल्या मोठ्या, १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावायचा. तसं सॉकेट नसेल तर घरमालकाला सांगा आणि अर्थिंग आहे का तेही बघायला लावा. तोपर्यंत पिशव्या दोन.

शिलाई_मशीन:

काढला. मोठं सॉकेट एकच आहे, ते मोरीत. उद्या मालकाला गाठते.