प्रति: घरगुती प्रोजेक्टचे व्हिडिओ कोणी पाहत का नाही?

नवा कॅमेरा घ्या, असा सल्ला वर आलाय. त्याआधी रिटेन्शनचा आलेख (कितव्या सेकंदाला किती प्रेक्षक टिकून आहेत, ते दाखवणारा) बघा. गळती बहुधा पहिल्या अर्ध्या मिनिटातच दिसेल. ‘नमस्कार मित्रांनो’च्या आधी चालतं यंत्र दाखवा, सोल्डरिंग नंतर. आवाज मात्र सुधाराच: कॉलर माइक तोंडापासून वीतभर अंतरावर, आणि ड्रिल चालू असताना बोलूच नका. दिव्यांमुळे चित्रात पट्टे सरकत असतील तर 50 हर्ट्झ विजेवर कॅमेऱ्याच्या शटरचा वेग 1/50 किंवा 1/100 सेकंदाला लॉक करा.

वर्णनात सर्किट, कोड आणि भागांचे नेमके क्रमांक हवेतच. नुसतं ‘मोटर ड्रायव्हर’ (मोटर चालवणारं सर्किट) लिहिलंत तर कॉमेंटमध्ये ‘कुठला?’ एवढंच येत राहील. ड्रायव्हर एल298एन चिपचा असेल तर तो स्वतःच सुमारे 2 व्होल्ट खातो हेही लिहा. नाहीतर 6 व्होल्टच्या बॅटरीवर बघून बनवणाऱ्यांची मोटर रेंगाळेल आणि दोष तुमच्या डिझाइनला.