मदत हवी आहे: सोमालिया कोसळला, मग त्यातून वेगळा झालेला सोमालीलँड कसा टिकला?

नमस्कार मंडळी. एम.ए.चा निबंध लिहितोय आणि एका जागी अडकलोय. वसाहतीतून सुटलेले देश का कोसळले, याचं ठरलेलं उत्तर म्हणजे गोऱ्यांनी नकाशावर मारलेल्या रेषा आणि एकत्र कोंबलेल्या जमाती. पण सोमालियात बहुतेकांची भाषा एक, धर्म एक. तरी जानेवारी १९९१मध्ये हुकूमशहा सियाद बारे पळाला आणि सरकार नावाची चीजच उरली नाही.

रेषांचा दोष अगदीच नाही असं नाही. सोमाली लोकांचा ओगाडेन प्रदेश इथिओपियात राहिला म्हणून तर १९७७चं सोमालिया-इथिओपिया युद्ध झालं. ते हरल्यावर बारेने आपली कुळं जवळ केली आणि बाकीच्यांवर बंदूक रोखली. १९८८मध्ये उत्तरेतल्या हरगेसा शहरावर स्वतःच्याच देशाची विमानं बॉम्ब टाकत होती!

तेच बेचिराख हरगेसा आज सोमालीलँडची राजधानी. १९९३मध्ये तिथल्याच बोरामा गावी कुळांची वडीलधारी माणसं काही महिने बसली आणि कारभाराची घडी बसवली. मग फरक कशामुळे पडला? उत्तरेत, म्हणजे आताच्या सोमालीलँडमध्ये, ब्रिटिशांनी कुळांच्या बैठकी फारशा मोडल्या नाहीत, दक्षिणेत इटालियनांनी मोडल्या, हे कारण मला जरा जास्तच सोपं वाटतं. बाहेरून मदत कमी आली म्हणून आपसात मिटवावं लागलं, हे अधिक पटतं. कुणी यावर वाचलंय का? सर म्हणतात, "काँगो घे, सोपं जाईल."